थोरला बर्फवाला, धाकटा बर्फवाला

माझ्या धाकट्या जावेचं कौतुक करायला माणसं कमी नाहीत, त्यामुळे मी ते केलं नाही म्हणून तिचं काही अडलं नव्हतं. आता लिहायला बसलेय तीही कुणाच्या सांगण्यावरून नाही. तिच्याबद्दल सगळे जे सांगतात ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं फक्त मला माहीत आहे. त्यात मी फारशी बरी दिसत नाही. दिसेन तशी दिसेन.

घरात तिला सगळे धाकटी म्हणतात आणि मला थोरली. आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, जुन्या जपानी छापचित्रांचं दुकान आहे. लाकडाच्या ठशांवरून कागदावर छापलेली, शंभर-दीडशे वर्षांची चित्रं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाईक बसतं. आतल्या खोलीत रुंद, उथळ खणांची कपाटं आहेत आणि उत्तरेच्या खिडकीशी मामंजींचं टेबल. त्या खिडकीतून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, म्हणून चित्रं बघायची ती तिथेच. टेबलावर एक भिंग, कागद उचलायची बांबूची पातळ पट्टी आणि एका डबीत मामंजींचा शिक्का.

लोकांना आत्याच्या ट्रंकेत, नाहीतर जुन्या कपाटाच्या मागे असं एखादं चित्र सापडतं. ते घेऊन येतात आणि दोनच प्रश्न विचारतात. हे कुणी काढलंय, आणि याचं नाव काय? आम्ही बघतो, शोधतो आणि एक चिठ्ठी लिहून देतो. चित्रकार, मालिका, चित्राचं नाव. खाली मामंजींचा लाल शिक्का. संग्राहक मंडळी चिठ्ठी वाचतच नाहीत. शिक्का बघतात आणि मान डोलावतात.

मी या घरात आले तेव्हा मामंजींनी मला चित्रांवरची जपानी अक्षरं शिकवायला घेतली. अकरा वर्षं शिकले. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात लांबट चौकटीत मालिकेचं नाव असतं, शेजारच्या छोट्या चौकटीत चित्राचं. सही खाली कुठेतरी असते, आणि सहीचं शेवटचं अक्षर म्हणजे ‘याने काढलं’. ते अक्षर सापडलं की त्याच्या वरचं ते नाव. सांगायला सोपं आहे. पहिल्या वर्षी मी चित्रातल्या एका छत्रीवर लिहिलेलं दुकानाचं नाव सही म्हणून वाचलं आणि तीन दिवस त्या छत्रीवाल्याचा जन्म-मृत्यू शोधत बसले. मामंजी तीन दिवस गप्प राहिले, चौथ्या दिवशी हसले. त्यानंतर मी प्रत्येक सही वहीत उतरवून घ्यायला लागले. आज पाच वह्या आहेत. कुठला चित्रकार कुठल्या वयात कुठलं अक्षर कसं ओढतो, सगळं त्यात आहे. आमच्यात त्यांना आम्ही टोपणनावांनी ओळखतो: मांजरवाला, नटवाला, बर्फवाला. जिभेला तेवढंच सोपं.

अशी मी अकरा वर्षांची तयार होऊन बसलेली असताना दिरांचं लग्न झालं आणि ही आली.

हिच्या माहेरी धुलाईचं आणि कपडे रंगवायचं दुकान. लहानपण सगळं हौदापाशी गेलेलं. बोलायला लाजरी, उंचीला माझ्या खांद्याइतकी, आणि हाताची नखं कायम कापलेली, कारण नखात गेलेला रंग आठवडाभर निघत नाही म्हणे. जपानीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. मामंजींनी तिला धूळ झटकायचं आणि चित्रांमध्ये कोरे कागद घालायचं काम दिलं. मला बरं वाटलं. घरात एक हात वाढला आणि टेबलाला काही धोका नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात ती दोन चित्रं घेऊन माझ्यापाशी आली. दोन वेगवेगळ्या खणांतली. दोन वेगवेगळ्या वर्षी आलेली. दोन्हींच्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या होत्या, एक ‘आरसा घेतलेली स्त्री’, दुसरी ‘पायरीवरची स्त्री’.

“ताई, रागावू नका,” ती म्हणाली. ही तिची बोलण्याची सुरुवात. एकदा असं म्हटलं की समोरच्याला रागवायची सोयच राहत नाही. “हिच्या झग्याचा घोळ इथे कापला गेलाय आणि त्या कागदावर पुढे चाललाय. आणि किड्यानं दोन्हीत एकाच जागी भोक पाडलंय. हे कागद कधीतरी एकावर एक ठेवलेले असणार.”

मामंजींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. भोकाला भोक जुळलं, घोळाला घोळ. “हे तीन कागदांचं चित्र आहे,” ते म्हणाले. “तिसरा कुठेतरी असेल. माझ्या नजरेतून सुटलं, सूनबाईच्या सुटलं. डोळा आहे पोरीला.”

मला आनंद व्हायला हवा होता. दुकानाचंच भलं झालं होतं. पण माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते त्या दिवसापासून. अकरा वर्षांत मामंजी मला ‘मेहनती आहेस’ म्हणाले होते, ‘अक्षर छान आहे’ म्हणाले होते. डोळा आहे असं एकदाही म्हणाले नव्हते.

मग ते चालूच झालं. मी सही वाचून दाखवायची आणि मामंजींनी विचारायचं, “धाकटीला दाखवलंस का?” मी मालिकेचं नाव शोधायला दुपार घालवायची आणि हिनं येऊन कागद उजेडात धरून म्हणायचं, “हा कागद कोपऱ्यात नवा वाटतोय.” आणि तो असायचा नवा. कुणीतरी फाटका कोपरा जोडून वर रंग भरलेला असायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी तोंडानं ‘वा’ म्हणायचे आणि भिंग जरा जोरात खाली ठेवायचे. मामंजींनी दिवसात किती वेळा तिला हाक मारली आणि किती वेळा मला, हे मी मोजायला लागले होते. हे माझ्या वयाला शोभत नाही, मला माहीत आहे. एका मंगळवारी नऊ विरुद्ध चार झालं.

आमच्या ह्यांना मी एकदा सांगितलं. ते म्हणाले, “तुला काय कमी आहे?” कमी काहीच नव्हतं. तिला जास्त होतं.

त्यातच एक दिवस ती म्हणाली, “ताई, रागावू नका. मला ही अक्षरं शिकवाल? सहीपुरतीच.”

मी म्हटलं, “बघू पुढे.”

आणि त्या संध्याकाळी पाचही वह्या माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली चष्म्याच्या डबीत. डोळा तिच्याकडे होताच, आता अक्षरंही गेली तर मी काय धूळ झटकत बसायचं? वाचता येणं हे एकच माझं होतं. ते मी देणार नव्हते. तिनं पुन्हा दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा ‘बघू’ म्हटलं आणि तिनं विचारायचं सोडलं.

पुढच्या वर्षी मामंजींची नजर उतरायला लागली. आधी बारीक अक्षरं गेली, मग भिंगातूनही ओळी हलायला लागल्या. एक दिवस जेवताना त्यांनी चमचा खाली ठेवला आणि सरळ सांगितलं.

“डॉक्टरांच्या मावशीचा अल्बम येतोय. अडतीस कागद. त्याची यादी झाली की मी टेबल सोडणार. शिक्का दोघींपैकी एकीच्या हातात देईन. एका दुकानात दोन मतं चालत नाहीत.”

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. आमचं जुनं गिऱ्हाईक. मावशी वारली आणि तिचा अल्बम त्यांच्याकडे आला होता. समोर धाकटी मान खाली घालून जेवत होती. शिक्का तिच्या हातात गेला तर मी उरलेला जन्म तिच्या चिठ्ठ्यांवर सुंदर अक्षरात मजकूर लिहीत काढणार, हे मला ताटात लिहिल्यासारखं दिसलं.

अल्बमला मी दोन महिने दिले. मावशीनं चित्रं अल्बममध्ये बसावीत म्हणून चारी बाजूंनी कापली होती. त्यामुळे कडेला जो प्रकाशकाचा आणि सालाचा छोटा शिक्का असतो तो बऱ्याच कागदांवर उरलाच नव्हता. नुसती सही आणि चित्राचं नाव. म्हणजे सगळा खेळ वाचण्याचा, म्हणजे माझा. मी मनातून खूश होते. सदतीस चिठ्ठ्या झाल्या. अडतिसावं चित्र शेवटी ठेवलं होतं, कारण ते सगळ्यांत देखणं होतं. ‘होडीच्या धक्क्यावर बर्फ’. पांढरी नदी, एक होडी, आणि होडीत जांभळी शाल घेतलेला एकच माणूस. सही मी लांबूनच ओळखली. बर्फवाला. पाचव्या वहीत त्याच्या चाळीस सह्या आहेत. अक्षर न् अक्षर जुळलं, तशी चिठ्ठीही लिहून टाकली. डॉक्टर हे भिंतीवर लावणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी चिठ्ठी दाखवणार, इथपर्यंत माझं ठरलंसुद्धा.

मामंजी झोपलेले होते. दुपारची वेळ. धाकटी चित्राखाली कोरा कागद घालायला आली आणि थांबली. तिनं कागद उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

“ताई, रागावू नका. हा जांभळा नवा आहे.”

“नवा म्हणजे? मावशीनं रंगवलाय?”

“तसं नाही. छापलेलाच आहे. पण जुना जांभळा दोन रंगांचा असतो ना, निळ्यावर लाल. भिंगातून बघितलं की कडेला दोन्ही वेगळे दिसतात. आणि वर्षानुवर्षं उजेडात राहिला की विटतो, तपकिरी पडतो. हा एकच रंग आहे. बाकीचं चित्र पिवळं पडलं तरी हा अजून ओरडतोय. आणि मागून बघा, आरपार फुटलाय. ही डब्यात मिळते ती कारखान्यातल्या रंगाची पूड आहे. आमच्या दुकानात यायची तीच जात. ओला कापूस टेकवा, लगेच येईल.”

मी म्हटलं, “तू जा. मामंजींचा चहा बघ.”

ती गेली. मी कापूस ओला केला आणि शालीच्या अगदी कडेला, कुणाला दिसणार नाही असा टेकवला. कापूस जांभळा झाला.

मी पुस्तक काढलं. ती पूड परदेशातून जपानात पोचली तेव्हा बर्फवाला जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मेलेला माणूस त्या रंगात छापायचं चित्र काढणार कसा? आणि मग मला आठवलं, जे मला माहीत होतं आणि सही जुळल्याच्या आनंदात मी विसरले होते. बर्फवाला गेल्यावर त्याच्या शिष्यानं, जो त्याचा जावईही झाला, गुरूचं नाव घेतलं. रीतसर. आणि तेव्हापासून तीच सही करायला लागला. मी सही बरोबर वाचली होती, आणि माणूस चुकीचा धरला होता. चित्र धाकट्या बर्फवाल्याचं होतं.

आता इथे काय करायचं असतं ते मला कळत नव्हतं असं नाही. मामंजी उठले की सांगायचं, ‘मी चुकले होते, धाकटीनं पकडलं.’ एवढी दोन वाक्यं. त्या दोन वाक्यांत शिक्का तिच्या हातात गेला असता. मी कापूस पुडीत गुंडाळून टोपलीत टाकला आणि नवी चिठ्ठी लिहिली. चित्रकार: बर्फवाला, दुसरा. मामंजी उठून टेबलापाशी येऊन बसले तेव्हा मी म्हटलं, “हे थोरल्याचं नाही, मामंजी. शिष्याचं आहे.”

मामंजी एकदम ताठ बसले. “कशावरून?”

“सहीवरून. शेवटचा फटकारा जरा आखूड आहे.”

धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. ट्रे टेबलावर ठेवला आणि कप मामंजींच्या हाताशी सरकवला. मामंजींनी कप हातात घेतला आणि तिला विचारलं, “धाकटे, तू पाहिलंस हे?”

“ताईंनीच ओळखलं,” ती म्हणाली. “मी नुसता कागद घातला.”

दुसऱ्या दिवशी शिक्का माझ्या हातात आला. मामंजी खिडकीजवळून उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि मी त्यांच्या खुर्चीत बसले. उजेड खरंच चांगला येतो तिथे. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, जरा हिरमुसले, मग म्हणाले, “थोरल्याचं समजून मी फसलो असतो. तुमची नजर म्हणजे काय सांगावं.” मी हसले. धाकटी पाठमोरी उभी राहून खण लावत होती.

शिक्का मिळाला की जळफळाट थांबेल, अशी माझी समजूत होती. तो दुप्पट झाला. आधी ती माझ्याहून हुशार आहे म्हणून जळत होते, आता ती माझ्याहून चांगलीही आहे म्हणून. तिनं आदळआपट केली असती, नवऱ्याला सांगितलं असतं, चार दिवस अबोला धरला असता, तर मला जरा तरी बरं वाटलं असतं. ती नेहमीसारखी वागत होती. फक्त ‘ताई, रागावू नका’ म्हणायची बंद झाली होती. कागद घालायची, धूळ झटकायची आणि जायची. मी जांभळ्या रंगाचं चित्र आलं की मुद्दाम तिच्या वाटेत ठेवायचे. ती उचलून खणात ठेवायची. त्या चार महिन्यांत मी किती चिठ्ठ्यांवर खात्री नसताना शिक्का मारला ते माझं मला माहीत.

आणि मग डॉक्टर आले. सोबत एक चपटी पेटी.

“मी शिकायला लागलोय,” ते आनंदानं म्हणाले. दातांच्या डॉक्टरांनी दातच बघावेत. “मित्राकडून थोरल्याचं अस्सल चित्र आणलंय. कडा शाबूत, सालाचा शिक्का, सगळं आहे. आणि हे माझं धाकट्याचं. आता मला तो फटकारा दाखवा. आखूड कुठे आहे?”

त्यांनी दोन्ही चित्रं माझ्यापुढे ठेवली. उत्तरेचा उजेड दोन्हींवर सारखाच पडला होता. मामंजी बाहेरच्या खोलीतून उठून दारात येऊन उभे राहिले. मी भिंग धरलं. सह्या सारख्या होत्या. फटकाराही सारखाच होता, धाकट्याचा असलाच तर केसभर लांबच होता. मी भिंग एका सहीवरून दुसरीवर नेत राहिले.

तेवढ्यात मागून धाकटी म्हणाली, “डॉक्टरसाहेब, तेव्हा ताईंनी फक्त सही नव्हती बघितली. ताईंनी रंगसुद्धा…”

ती मला सोडवत होती. पुन्हा. मला एकदा झाकलं होतं तिनं, आणि ते चार महिने घशात अडकलेलं होतं. आणखी एकदा तिच्याकडून झाकून घ्यायचं आणि मग जन्मभर तिच्या उपकारात राहायचं? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

“ताईंनी काही बघितलं नव्हतं,” मी म्हटलं. “सहीवरून कळतच नाही. हिनं ओळखलं. जांभळ्यावरून. मी थोरल्याची चिठ्ठी लिहून बसले होते. हिचं ऐकलं आणि माझं म्हणून सांगितलं.”

हे मी चांगुलपणानं बोलले असं कुणी समजू नये. त्या क्षणी मला फक्त तिचं तोंड बंद करायचं होतं.

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि मग शहाण्या माणसासारखे आपल्या चित्रांकडे बघायला लागले. धाकटीनं त्यांना कडेचा रंग दाखवला, कागद उलटा करून दाखवला. ते गेल्यावर मामंजी टेबलापाशी आले.

“सहीवरून कळत असतं तर मी स्वतः दोनदा फसलो नसतो,” ते म्हणाले.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“त्याच दिवशी.”

“मग शिक्का का दिलात?”

“धाकटीला विचारलं होतं मी, तुझ्यासमोर. तीही तेच म्हणाली. दोन सुना एकाच सुरात खोटं बोलत असताना मी म्हातारा एकटा खरं काय धरून बसू?” त्यांनी हात पुढे केला. मी शिक्का त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चाचपत डबीत घातला आणि डबी टेबलाच्या मधोमध ठेवली. “दोन मतं चालत नाहीत म्हणालो होतो. चुकलो. यापुढे चिठ्ठीवर दोघींच्या सह्या असतील तरच हा बाहेर येईल.”

ते जाऊन बसले. आतल्या खोलीत आम्ही दोघीच. खण उघडे होते, कुणीच लावत नव्हतं.

“का खोटं बोललीस माझ्यासाठी?” मी विचारलं. “मला नको होते तुझे उपकार.”

“तुमच्यासाठी नाही बोलले,” ती म्हणाली. “खरं सांगितलं असतं तर शिक्का मला मिळाला असता आणि वह्या तुम्ही मला मरेपर्यंत दाखवल्या नसत्या. शिक्का घेऊन मी काय करणार होते? मला वाचता कुठे येतंय?”

मी उघडा राहिलेला एक खण आत ढकलला.

“तुम्ही नुसता कागद बघून नाव सांगता ताई. मामंजी म्हणतात, सूनबाईनं वाचलं म्हणजे झालं. तेव्हा मला कसं होतं तुम्हाला काय माहीत? मी नऊ वेळा उठून जाते, कागद आणते, उजेडात धरते. तुम्ही जागेवर बसून वाचता. इतकी जळायचे मी.” तिनं माझ्या कपाटाकडे बघितलं. “एकदा तुमची चष्म्याची डबी बाहेर राहिली होती.”

“आणि?”

“कपाट उघडलं. वह्या काढल्या. आमच्या दुकानातला हौद आठवला. वाटलं, बुडवून काढाव्यात पाचही. बोट ओलं करून कोपऱ्यावर फिरवून बघितलं.”

“मग?”

“शाई चांगली आहे तुमची. सुटली नाही. मग परत ठेवल्या.”

मी उठले, कपाट उघडलं, वह्या काढल्या. तिसऱ्या वहीच्या एका पानाचा कोपरा बोटाएवढा फुगून सुकलेला होता. इतके दिवस माझ्या हाताखाली होता आणि मला दिसला नव्हता. मी तिथे अंगठा ठेवून बसले. मला संताप यायला हवा होता. पण खरं सांगते, लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं. दोन वर्षं मी एकटीच जळतेय असं समजत होते.

“बस,” मी म्हटलं.

दुसरी खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी खिडकीपाशी बसली. मी पहिली वही उघडली. पहिलीच, बाकीच्या चार मांडीवर ठेवल्या. तिच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि सहीच्या शेवटी येतं ते अक्षर काढून दाखवलं. याने काढलं. तिथूनच सुरुवात करायची असते, मामंजींनी माझी तिथूनच केली होती.

तिनं ब्रश धरला. पहिलं अक्षर वाकडं आलं. मला बरं वाटलं. “हात सैल सोड,” मी म्हटलं, अगदी प्रेमानं. दुसरंही वाकडं आलं, मधली रेघ घसरली. मला अकरा महिने लागले होते ती रेघ सरळ यायला. मी तिला तसं सांगितलंही. ती नुसती हसली, कागद जरा तिरका केला आणि तिसरं काढलं.

तिसरं सरळ आलं. मधली रेघ, कडा, शेवटचा फटकारा, सगळं. मी ते भिंगातून बघितलं. मग माझं बघितलं. मग पुन्हा तिचं बघितलं.

“आज एवढं पुरे,” मी म्हटलं आणि वही मिटली.